काळ्या दगडावरून वाट

१८ मार्च, सोमवार

नववीचे पेपर तपासून झाले आणि आज अपर्णा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या नव्या प्राचार्या. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण बोलतात असं की समोरच्याला आपणच लहान वाटावं. म्हणाल्या, "गोरे मॅडम, नव्या दहावीला विज्ञानातच इंजिनिअरिंग आणायचं आहे. मुलींनी आसपासची एक खरी अडचण निवडायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं, बिघडलं तर पुन्हा बनवायचं. धडा त्यातून येईल."

मी म्हटलं, "धडा पुस्तकातून येतो, मॅडम. आणि माझ्या नोट्समधून."

"तुमचा रिझल्ट मला मालूम आहे, म्हणून तर तुम्हाला देतेय. नाही जमलं तर दहावी दुसरं कुणी घेईल, तुम्ही सहावी-सातवी बघा."

किती गोड आवाजात! सहावी-सातवी! हिंदी मुलखातल्या या आमच्या शहरातल्या निम्म्या डॉक्टरांनी ओहमचा नियम माझ्या नोट्समधून पाठ केलाय.

घरी आल्यावर श्रीकांतना सांगितलं. सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत पूल बांधण्यात गेली, म्हटलं दोन युक्तीच्या गोष्टी सांगतील. पण रिटायर झाल्यापासून हा माणूस टीव्हीसमोरून हलत नाही. आज निदान आवाज तरी कमी केला. विचारतात, "अडचण कुणाची?"

"माझी! अजून कुणाची?"

"तसं नाही गं. त्रास नक्की कुणाला होतो, ते आधी ठरव."

झालं. एक सरळ उत्तर देतील तर शपथ.

२० मार्च

मी थर्माकोलच्या कूलरचं मॉडेल ठरवूनच वर्गात गेले होते. सोपं, दिसायला छान, आठवड्यात तयार. नावापुरतं मुलींना विचारलं, "कुणाला काही अडचण सुचते?" आणि तिथेच चुकले.

पूजा उठली. ही मुलगी प्रत्येक वाक्यानंतर "पर क्यों, मैम?" विचारते, त्यामुळे हिचा हात वर गेला की मी फळ्याकडे वळते. आज वळायच्या आत बोलली, "मैम, राम मंदिर में पैर जलते हैं!"

शाळेच्या मागच्या गल्लीत भय्यासाहेब पोतनीसांचं खाजगी राममंदिर आहे. गेल्या वर्षी त्यांनी प्रदक्षिणेच्या वाटेवर नवा काळाभोर, चकचकीत दगड बसवला. दिसतो सुंदर. पण उन्हात तव्यासारखा तापतो. पूजा म्हणाली, "मम्मी प्रदक्षिणा नहीं करती, दौड़ लगाती है." वर्ग हसला आणि मग जी ती आपापली हकीकत सांगू लागली. रामनवमीला जन्म भर दुपारी, त्यानंतर पालखी देवळाभोवती फिरते. गेल्या वर्षी म्हाताऱ्या बायकांनी सावलीतूनच हात जोडले म्हणे.

कोण जाणे कसं, माझ्या तोंडून निघालं, "सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो?"

अमृता कधी स्वतःहून बोलत नाही. पहिला नंबर, मोत्यासारखं अक्षर. ती म्हणाली, "मॅम, पालखी उचलणाऱ्यांना. त्यांना धावता येत नाही."

थर्माकोल पिशवीतच राहिलं.

२२ मार्च

मुलींना घेऊन भय्यासाहेबांकडे परवानगीला गेले. ताठ मानेचे, सत्तरीतले गृहस्थ. पूर्वज इथल्या मराठी संस्थानाच्या दरबारात होते, तो रुबाब आजही आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दगडाला हात लावायचा नाही. सुलूने निवडलेला आहे."

सुलूताई त्यांच्या पत्नी. दगड बसायच्या आधीच गेल्या. मी लगेच माफी मागून निघायला लागले, तर पूजा म्हणते, "काका, आप खुद चलते हो इसपे?"

"रोज चालतो."

"सुबह ना? अभी चलके दिखाइए."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. भय्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि ऐन दुपारी प्रदक्षिणा घातली. पूर्ण. सावकाश. मान ताठ. परत येऊन ओट्यावर बसले आणि पाय धोतराखाली ओढून घेतले. अमृता नळावरून तांब्या भरून आली. हातात न देता तिने तो त्यांच्या पायांजवळ ठेवला.

तांब्या जवळ ओढून ते म्हणाले, "सुलूने नमुना दुकानात पाहिला होता. आत, पंख्याखाली."

मग एकेक अट सांगितली. दगड उखडायचा नाही, रंगवायचा नाही, खिळा ठोकायचा नाही. वर मांडव नको, पालखीचं छत्र अडकतं. "यात बसेल ते करा."

घरी मी वैतागून म्हटलं, "इतक्या नाहीनंतर उरलं काय?" श्रीकांतनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "वा! आता खरं काम सुरू झालं." यांना माझ्या संकटात नेहमीच मजा वाटते.

२७ मार्च

धुळवड झाली, कानामागचा गुलाबी अजून जात नाही.

मुलींनी प्रयोगशाळेतले थर्मामीटर आणून त्यांची टोकं ओल्या मातीच्या गोळ्याने दगडावर बसवली. मग गोणपाट भिजवून अंथरलं. पारा झरझर उतरला. मुली नाचायला लागल्या. मीही खूष होऊन म्हटलं, "मी चालून बघते," आणि वळणावर सपशेल आपटले. पुजारी, भय्यासाहेब, अख्खी दहावी, सगळ्यांच्या देखत. कुणी हसेना. पूजाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मैम, फेल किसको लिखें? बोरे को या आपको?"

मला इतकं हसू आलं की उठवेना. भय्यासाहेबही हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आम्ही हसतोय तोवर गोणपाट वाळूनही गेलं होतं. म्हणजे दुहेरी नापास.

रात्री श्रीकांतनी पाठीला बाम लावून दिला. "लागलं का" वगैरे काही नाही. विचारतात, "घसरलीस कुठे? सरळ वाटेवर की वळणावर?" मला राग आला. झोपताना मात्र आठवलं, वळणावर पाणी साचलं होतं. सरळ वाटेवर तर मी ठीक चालत होते. उद्या मुलींना विचारते, मॅम नक्की कुठे पडल्या आणि का.

२ एप्रिल

काथ्याच्या चटयाही गेल्या. ऊन लागलं की कडा वर वळतात. मुलींनी पालखीच्या जागी शाळेचा बाक खांद्यावर घेतला, वर दप्तरं रचली आणि चालून पाहिलं. पुढची मुलगी कडेला अडखळली, बाक तिरका झाला, दप्तरं पार तुळशीपर्यंत गेली.

त्यात दुपारी अमृताचे वडील शाळेत आले. अभिजीत, बँकेत अधिकारी. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. "मॅडम, बोर्डाचं वर्ष आहे. तुमच्या नोट्ससाठी म्हणून आम्ही या शाळेत घातलं, आणि माझी मुलगी पोती भिजवतेय." त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

उद्या अपर्णा मॅडमना सांगून टाकते. सहावी तर सहावी.

घरी आले तर गच्चीवर पसारा. कौलाचा तुकडा, फळी, जुनी सतरंजी, बांबूची काडकी, सगळं ओळीने उन्हात ठेवलेलं आणि श्रीकांत अनवाणी उभे. "साफसफाई करतोय," म्हणाले. एवढ्या उन्हात साफसफाई! तळपाय लाल झालेले. खूप रागावले मी. या वयात एखाद्याच्या डोक्यावर परिणाम होतो, तसं तर नाही ना?

४ एप्रिल

काल अपर्णा मॅडम शाळेत नव्हत्या, आज मीच काही सांगितलं नाही. कारण आज जे झालं ते लिहिताना माझा हात थांबत नाहीये.

स्टाफरूमच्या खिडकीची जुनी चिक, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा पडदा, तुटून अंगणात पडली होती. पूजा मधल्या सुट्टीत बूट हातात घेऊन उन्हात कुठेतरी निघाली होती (हिला बूट घालायला काय होतं?) आणि त्या चिकेवर थांबली. थांबली ती थांबलीच. मग ओरडली, "थर्मामीटर लाओ!"

चिकेवर एक लावला, शेजारच्या फरशीवर एक. दोन्हींचा पारा जवळजवळ सारखाच चढला. फरशीवर पाय ठेववत नव्हता आणि चिकेवर पूजा आरामात उभी.

"मैम, थर्मामीटर झूठ बोल रहा है क्या?"

वर्गात शब्द न सुचण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हटलं, "मला माहीत नाही. शोधू या."

सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, गेली माझी इज्जत. पण त्या उलट जवळ सरकल्या. कुणी स्टीलचा चमचा आणि लाकडी पट्टी एकत्र उन्हात ठेवून हात लावून पाहिला, कुणी कंपासपेटी. वाद झाले. शेवटी अमृता म्हणाली, "मॅम, गरमी दोघांकडे आहे. फरशी लगेच देऊन टाकते. बांबू कंजूस आहे, तो पायाला देतच नाही."

"कुचालक!" पूजा किंचाळली. "मैम, वो कुचालक वाला चैप्टर! वो सच में होता है!"

सुवाहक आणि दुर्वाहक यांतला फरक. ही व्याख्या मी अमृताच्या आईलासुद्धा, ती माझ्या वर्गात असताना, लिहून दिली होती. आज चपला काढून मी स्वतः चिकेवर उभी राहिले. व्याख्या तळपायातून वर आली.

घरी सगळं श्रीकांतना सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले. मात्र संध्याकाळभर टीव्ही लावला नाही. तब्येत बरी नसेल.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सुट्टी असून सगळ्या मंदिरात हजर. बांबूवाले विष्णूभाऊ मुलींच्या चित्राबरहुकूम पहिला तुकडा करून घेऊन आले. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट, खाली आडव्या जाड दोऱ्या, म्हणजे पट्ट्या दगडाला टेकत नाहीत आणि खालून हवा खेळते. आधी गोल बाजू वर ठेवली, ती पायाला रुतली. उलटी केली, तर कुसळं. आणि कुणाची तरी टाच जोरात पडली आणि पट्टी कडकन मोडली.

तेवढ्यात श्रीकांत आले. माझा चष्मा घरी राहिला म्हणून द्यायला. चष्मा माझ्या नाकावर होता. म्हणाले, "अरे, हा जुना वाटतं."

मुलींनी त्यांना घेरलं. "काका, बांस कच्चा था."

"असेल. पण मोडली कुठे, ते बघा."

"दो रस्सियों के बीच में."

मला वाटलं, आता तरी हे उत्तर सांगतील. नाही! हात मागे बांधून उभे. मुलींनीच आपापसात बोलून दोऱ्या जवळजवळ आणल्या, मग पट्टीवर दोघी दोघी उड्या मारून पाहिल्या. टिकली. मग श्रीकांतना म्हटलं, तुम्ही जा, श्रीखंड घरी तसंच आहे. "जातो जातो," म्हणत अंधार पडेपर्यंत तिथेच. पुलांवर काम केलेला माणूस, बांबूच्या चटईत काय बघत होता देव जाणे.

भय्यासाहेबांनी तुकड्यावर चालून पाहिलं. मग म्हणाले, "नवमीला संपूर्ण वाट झाकाल तर झाका. नाहीतर काही नको. निम्मे चालतील आणि निम्मे उड्या मारतील, हे रामासमोर शोभत नाही."

नवमी पुढच्या बुधवारी.

१२ एप्रिल

हात दुखतात. प्रत्येक पट्टीला पॉलिशपेपर मारायचा, नाहीतर कुसळ जाणार. मुली, त्यांच्या आया, विष्णूभाऊंचं घर, सगळे मंदिराच्या अंगणात. नाश्त्याला कुणाच्या घरून पोहे, कुणाच्या घरून जिलेबी.

वळणं फार छळत होती. सरळ चटई वळणावर दुसरीवर चढते आणि ठेच लागते. मला वाटलं कापावी. अमृता म्हणाली, "मॅम, जरा थांबा," आणि खडूने जमिनीवर पंख्याच्या पात्यांसारखे तुकडे आखले. आतून अरुंद, बाहेरून रुंद. कोन तिने स्वतः काढले. तेवढ्यात अभिजीत तिला न्यायला आले, बँकेतून थेट, टाय लावलेले. चेहरा बघून मी मनात म्हटलं, आता तमाशा. अमृता उठली नाही. "बाबा, बूट काढा. इथे वजन कमी पडतंय."

वजन पाहायचं होतं ते पालखीच्या खऱ्या दांड्यावर. अभिजीतनी एक बाजू खांद्यावर घेतली. टाय, आणि पाय अनवाणी. पूर्ण फेरी मारून आले, दांडा खाली ठेवला, आपले तळपाय उलटून पाहिले. मग विचारलं, "पॉलिशपेपर कुठे आहे?"

१६ एप्रिल

दुपारी वावटळ आली आणि दोन तुकडे सुरळी होऊन ओट्याला जाऊन आदळले. खिळा ठोकायचा नाही ही अट. पूजा रडायला लागली. ही रडू शकते हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "उडालं कुठून? मधून की कडेने?" डोळे पुसत म्हणाली, "किनारे से." मग स्वतःच म्हणाली, "तो किनारे को भारी करो ना, मैम!"

कडेला वाळूच्या लांब, सापासारख्या पिशव्या शिवायच्या. पण एवढं कापड कुठून? भय्यासाहेब आत गेले आणि सुती साड्यांचा गठ्ठा घेऊन आले. धुतलेल्या, घड्या केलेल्या. सुलूताईंच्या. आम्ही कुणीच हात लावेना, तेव्हा त्यांनी स्वतः पहिली साडी उलगडून कात्री माझ्या हातात दिली.

"ती असती तर तुमच्याआधी तिनेच फाडल्या असत्या," म्हणाले.

१७ एप्रिल, रामनवमी

ऊन असं की आकाशाकडे बघवेना. सकाळपासून वाट अंथरून ठेवली होती. पिवळसर बांबू, कडेला रंगीत सुती काठ, आणि फटींतून खालचा काळा दगड चमकत होता. झाकला होता, पण लपला नव्हता.

जन्म झाला. पाळणा हलला, सुंठवडा वाटला. मग पालखी उठली.

दहावीच्या सगळ्या मुली एका रांगेत उभ्या, डोळे वाटेवर. पालखी उचलणाऱ्या चौघांमध्ये अभिजीत होते. पहिलं पाऊल बांबूवर पडलं तेव्हा मी डोळे मिटले. कडकन आवाज येईल, कुणीतरी ओरडेल. काही नाही. टाळांचा आवाज पुढे जात राहिला. डोळे उघडले तर पालखी पहिल्या वळणावर. अमृताच्या पंख्यावरून चौघे सरळ वळले, एकही पाऊल अडखळलं नाही. मागून भय्यासाहेब, हात जोडून, अनवाणी, अगदी सावकाश.

आणि मग ते झालं. सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांपैकी एक उठली. तिने भीत भीत अंगठा टेकवला. मग पूर्ण पाऊल. मग मागे वळून हाक मारली, "अगं, या गं! भाजत नाही!"

सगळ्या उठल्या. काठ्या टेकत, एकमेकींचे हात धरत. कुणी धावत नव्हतं. पालखी पुढे निघून जाईल इतक्या हळू, गप्पा मारत, थांबत, कळसाकडे बघत. एकीने तर मुद्दाम दुसरी फेरी घेतली. पूजाची आई तिसरी घालत होती आणि ओरडून पूजाला म्हणत होती, "देख, मैं चल रही हूँ!"

पूजा येऊन माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सूर्य कलल्यावर मुलींनी चटया गुंडाळल्या. काळा दगड मोकळा झाला. भय्यासाहेबांनी त्यावर एकदा हात फिरवला.

१८ एप्रिल

अपर्णा मॅडम सकाळीच वर्गात आल्या. त्याही काल पालखीमागे चालल्या होत्या म्हणे, मला गर्दीत दिसल्या नाहीत. म्हणाल्या, "दहावी तुमचीच. आणि बाकीच्या शिक्षकांनाही तुम्हीच शिकवायचं. मॅडम, हे मुलींना उत्तर न देता प्रश्न विचारत राहणं, कुणाकडून शिकलात?"

मी सांगितलं, "कुणाकडून नाही. माझी मीच शिकले, करता करता."

घरी हे श्रीकांतना ऐकवलं तर ते इतके हसले की कपातला चहा शर्टावर सांडला. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. पण कितीतरी महिन्यांनी ते असे हसले, म्हणून मीही हसले.

मग शर्ट बदलून आले आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठे?"

"तुझ्या शाळेत. पूजा म्हणाली, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, ते बघायचंय. मला बोलावलंय."

मला न विचारता बोलावलं! ही मुलगी म्हणजे! तरी म्हटलं, "चला. पण एक सांगून ठेवते, मुलींना उत्तर सांगून टाकायचं नाही. त्यांचं त्यांना शोधू द्यायचं. जमेल ना तुम्हाला?"

"प्रयत्न करतो, मॅडम," म्हणाले, आणि कपाटातून आपला जुना मोजपट्टा शोधायला लागले.